मोअव्वदने वळवलेली होडी

आमच्या देशाला आपल्या लेखकांचा फार अभिमान आहे. त्यांना वाचण्याची दगदग या अभिमानात धरलेली नाही, इतकेच. फत्हुल्ला अल-जम्माल आमच्या गावात जन्मला, म्हणून मुख्य चौक त्याच्या नावाचा, चौकातले औषधांचे दुकान त्याच्या नावाचे, आणि दुकानाला लागून ज्या कढईत दिवसभर तआमियाची भजी तळतात, तिच्यावरच्या पाटीवरही तोच. सांस्कृतिक भवनाच्या भिंतीवर त्याच्या ‘शफीकाचा घाट’ या कादंबरीतला शेवटचा प्रसंग रंगवला आहे: नाईलच्या फाट्यात होडी घाटाकडे वळते आहे आणि शफीका हात उंचावून उभी आहे. चित्र चांगले आहे. फक्त तो प्रसंग कादंबरीत नाही.

कादंबरीत होडी वळत नाही. शफीकाच्या भावाला कालव्याच्या खोदकामावर वेठीला नेतात. ती रोज संध्याकाळी घाटावर जाऊन उभी राहते. शेवटच्या पानावर होडी दिसते आणि घाटाला न लागता पुढे निघून जाते. आत तो होता की नव्हता, हेही लेखक सांगत नाही. मी मुलींच्या माध्यमिक शाळेत अरबी शिकवतो, कैरोला विद्यापीठात असताना ही कादंबरी अक्षरन् अक्षर वाचली आहे, आणि गावात उरलेली तिची एकमेव प्रत माझ्या कपाटात आहे. तरीही या गावात खोटा ठरलो तो मीच. कारण गावाने जम्माल वाचला तो मोअव्वदच्या हातचा.

मोअव्वदचे झेरॉक्सचे दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. पूर्वी तो एका छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने एक जुने यंत्र विकत घेतले आणि ते चालते तोवर चालवले, मोडले तेव्हा दुसरे जुने घेतले. यंत्रातल्या काळ्या भुकटीने त्याचा अंगठा कायमचा काळा झाला आहे. पण त्याचा खरा धंदा नकला काढण्याचा नव्हे. परीक्षेला नेमलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश तो गुलाबी कागदावर छापून विकतो. पुस्तक मुळातून वाचणारी मुलगी या गावात वेडसर समजली जाते.

सारांश करण्याची त्याची रीत त्याने माझ्यापासून कधी लपवली नाही, हे त्याचे मोठेपण की निर्लज्जपणा, ते मला ठरवता आलेले नाही. त्याची बायको हबीबा निरक्षर. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती गल्ल्यामागे मांडीवर तांदळाचे ताट घेऊन खडे निवडत बसते आणि हा तिला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो. “अरे, त्या झाडाचं अजून किती लांबवणार?” असे ती म्हणाली की झाड सारांशातून गेले. “पण ती पोर सकाळपासून जेवली का?” असे तिने विचारले की जेवण सारांशात आले. त्यामुळे जम्मालची निसर्गवर्णने आमच्या पदवीधरांना ठाऊक नाहीत; पण त्याची पात्रे कोणत्या प्रकरणात काय जेवली, हे डॉक्टरापासून वकिलापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे.

यंदा जम्मालची जन्मशताब्दी आली. सांस्कृतिक भवनात समारंभ ठरला आणि ‘जम्माल आपल्याला का हवा’ या विषयावर आमच्या शाळेच्या एका मुलीने निबंध वाचावा असे वरून कळले. निवड माझ्याकडे होती. अफाफ नावाच्या मुलीचा निबंध भाषेने सर्वांत सरस होता आणि आशयाने निराधार. जम्माल आपल्याला हवा तो त्याची होडी वळते म्हणून, असे तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिले होते. मी त्यावर लाल रेघ ओढली. मुख्याध्यापिका अबला करीमान यांनी (आमच्याकडे शिक्षिकेला ‘अबला’ म्हणतात, बळाशी त्याचा संबंध नाही) मला बोलावून घेतले.

“उस्ताद रिफअत, पोरीला नापास केलंत? शताब्दीच्या वर्षात?”

“होडी वळत नाही, अबला.”

“अहो, वळते! मी स्वतः परीक्षेत लिहिलंय. उस्ताद बहीजनी पैकीच्या पैकी दिले होते.”

“आणि उस्ताद बहीजनी कादंबरी कुठे वाचली?”

“आता मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेणार का तुम्ही?”

चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला होता. “वळते की साहेब,” तो म्हणाला, “भिंतीवर काढलीय ना.”

मी पिशवीतून माझी प्रत काढून टेबलावर ठेवली. बाईंनी शेवटचे पान उभ्यानेच वाचले आणि मग खुर्चीत बसल्या. “ही कुठली आवृत्ती म्हणायची?” “जम्मालची,” मी म्हणालो. अखेर असे ठरले की अफाफने निबंध नव्याने लिहावा आणि समारंभात तो संपल्यावर मूळ शेवटचे पान माझ्या प्रतीतून वाचावे.

अफाफला हे सांगितले तेव्हा ती बाकाची कड नखाने खरवडू लागली. “सर, होडी वळतच नसेल, तर मग हे पुस्तक हवं कशाला?”

“कारण ते खरं आहे.”

“खरं तर घरी पण असतं, सर.”

तीस वर्षे मी ज्या पिढ्या घडवल्या, त्यांचे हे उत्तर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मोअव्वद फाटकाशी माझी वाट पाहत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. नकला काढायला आलेल्या मुली यंत्रापेक्षा जोरात चालतात.

“उस्ताद, ते पान हॉलमध्ये नका वाचायला लावू.”

“का? तुझ्या गुलाबी कागदांचा खप बसेल म्हणून?”

“हबीबा येणार आहे त्या दिवशी. नवा झगा शिवून घेतलाय तिनं.”

मग तो जे बोलला ते मला पूर्वी ठाऊक नव्हते. हबीबाचा भाऊ अब्दुस्समीअ इराकात कामाला गेला होता, आमच्याकडची कितीतरी माणसे तेव्हा जात तसा. तो तिकडून कॅसेटवर बोलून कॅसेट पाठवी. हबीबा ती शेजाऱ्यांच्या टेपवर ऐके. मग कॅसेटी येणे थांबले. परतणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने विचारले, कोणी काही सांगू शकले नाही. त्याच दिवसांत ‘शफीकाचा घाट’ परीक्षेला लागली आणि मोअव्वदने शाळेच्या ग्रंथालयात तेव्हा असलेली प्रत आणून नेहमीप्रमाणे वाचायला घेतली.

“होडी दिसली, इथपर्यंत मी वाचत आलो,” तो म्हणाला. “ती ताट बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढची ओळ मला दिसत होती, उस्ताद. मी होडी वळवली. भावाला उतरवला. तुम्ही काय केलं असतं?”

“लिहिलं होतं ते वाचलं असतं.”

“म्हणूनच तुमच्यापुढं कोणी ऐकायला बसत नाही.”

“आणि छापलंस कशाला? बायकोला फसवायचं तर घरात फसवायचं. सगळ्या गावाला कशाला?”

“ती शेजारच्या पोरींकडून तेच पान पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. पोरींकडे माझेच कागद. त्यात वेगळं निघालं असतं तर?”

म्हणजे एका बाईच्या समाधानासाठी एका गावाचे शिक्षण नासवले गेले. परीक्षक नासले, चित्रकार नासला, मुख्याध्यापिका नासल्या. मी त्याला स्पष्ट सांगितले की जम्मालने हे पान दुःख देण्यासाठीच लिहिले होते आणि ते परस्पर बदलण्याचा अधिकार कोणा झेरॉक्सवाल्याला नाही.  तो काळा अंगठा दुसऱ्या हातात धरून उभा राहिला आणि निघून गेला.

समारंभ आमच्याकडे होतात तसाच झाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत ज्यांनी जम्मालची एक ओळ वाचलेली नाही असे मान्यवर, आणि प्रांतिक कार्यालयातून आलेल्या एका अधिकाऱ्याचे भाषण, ज्यात लेखकाचे नाव काढून कोणत्याही दिवंगताचे घालता आले असते. हबीबा मधल्या रांगेत बसली होती, शेजारी मोअव्वद, नजर फरशीवर. अफाफने नवा निबंध वाचला. तो बरा होता. मग तिने माझी प्रत उघडली.

तिने छान वाचले. होडी दिसली तेव्हा मागच्या रांगांतल्या बायका ओळखीच्या गोष्टीला हसतात तशा हसल्याही. मग होडी पुढे गेली. अफाफने पुस्तक मिटले आणि सभागृहात कोणाला टाळी वाजवण्याचे सुचले नाही.

हबीबा उठून उभी राहिली. “पुन्हा वाच गं तेवढं.”

अफाफने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने पुन्हा वाचले.

“हे त्या माणसानंच लिहिलंय?” हबीबाने नवऱ्याला विचारले.

“हो.”

“आणि तुला माहीत होतं.”



“हाज्जा, बसा आता, कार्यक्रम पुढे न्यायचाय,” अधिकारी माइकवरून म्हणाला.

“तूच बस बाबा. तू वाचलंयस का ते?” अधिकारी खरोखरच बसला. हबीबा नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला होता, पण ती रडत नव्हती, रागावली होती. “अरे, मला वाटायचं, माझ्याच घाटाला होडी लागली नाही. बाकी सगळ्यांच्या लागतात. सिनेमात लागतात, पुस्तकात लागतात. त्या शफीकाचा मला इतकी वर्षं हेवा वाटला, मोअव्वद! तिचा भाऊ आला म्हणून. आणि ती बाई माझ्यासारखीच उभी होती होय? ह्या माणसाला ठाऊक होतं कसं वाटतं ते. गावात एक माणूस होता ज्याला ठाऊक होतं, आणि तू त्याला माझ्यापासून लपवलास?”

“तुला त्रास होईल म्हणून—”

“त्रास मला होतच होता. फक्त सोबत नव्हती.”

ज्या प्रश्नावर अफाफकडून दोन निबंध लिहून घेतले होते, त्याचे उत्तर एका निरक्षर बाईने खुर्च्यांच्या रांगेत उभे राहून दिले, आणि सभागृहात ते टिपून घेणारा कोणी नव्हता. पुढच्या रांगेतले मान्यवर घड्याळ पाहत होते.

समारंभ उरकल्यावर ती सरळ माझ्यासमोर आली. “पुस्तक तुमचं ना, उस्ताद? द्या.”

मी पुस्तक उसने देत नाही. हा माझा नियम आहे आणि सहकाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. पण ती हात पुढे करून उभी होती, आणि मागे मोअव्वद असा चेहरा करून उभा होता की मीच त्याला वेठीला धरून नेणार आहे. मी दिले.

त्यानंतर झेरॉक्सचे दुकान निम्मे बंद असते. शटर अर्धे खाली, आतून मोअव्वदचा वाचण्याचा आवाज, बाहेर मुलींची रांग. हबीबाने त्याला एक शब्दही गाळायला बंदी केली आहे. झाडेसुद्धा सगळी वाचावी लागतात. परीक्षा तोंडावर आल्या, माझ्या प्रश्नपत्रिकांच्या नकला निघेनात आणि पुस्तकही परत येईना, म्हणून काल मी वाकून शटरखालून आत गेलो.

“कुठवर आलं?” मी विचारले.

“भाऊ अजून घरीच आहे,” मोअव्वद म्हणाला. त्याचा घसा बसला होता. “शिपाई न्यायला येतात ना, त्या प्रकरणाशी आलो की ही मला परत पहिल्या पानावर पाठवते.”

“घाई काय आहे?” हबीबा म्हणाली. “शेवट आता माहीत आहे मला. जाईल तेव्हा जाईल. तोवर पोरगा घरात आहे, जेवतोय, बहिणीशी भांडतोय, ते तर ऐकू दे. उस्ताद, तुमचे कागद उद्या.”

हे ‘उद्या’ मी तिसऱ्यांदा ऐकत होतो. मी अबला करीमान यांच्याकडे लेखी तक्रार दिली आहे.