पेडणेकरकाकांची विजया

पेडणेकरकाका दार उघडत ते उघड्या अंगाने, आणि वर माफी मागत ती सरकारी भाषेत. "क्षमस्व मॅडम, शर्ट तूर्त स्थगित आहे." नागीण बरी झाली होती, पण छातीच्या डाव्या बाजूची आग विझत नव्हती. कापड लागलं तरी जीव जाई. उभा जन्म बेलापूरच्या कचेरीत कडक इस्त्रीत काढलेला हा माणूस, कुणी आलं की लाजून दाराआड सरके.

खारघरच्या ज्या वैद्यांकडे मी काम करते, ते भांगेपासून केलेल्या औषधाने दुखणं रोजच्या जगण्यात कितपत हलकं होतं, याचा अभ्यास करत होते. रुग्णांची विचारपूस माझ्याकडे होती. काका त्यात आले ते एका धास्तीपोटी. मुलीचं, श्रुतीचं, लग्न ठरलं होतं. "पाठवणीला पोर गळ्यात पडणार. तेव्हा मी तिला ढकललं तर?" एवढंच ते साध्या मराठीत बोलले.

एरवी त्यांच्याकडून उत्तर काढणं म्हणजे कचेरीतून फाईल काढणंच. झोप? "अंशतः मंजूर." दुखणं? "जैसे थे." चक्कर येते का विचारलं तर म्हणाले, "येते, पण रीतसर कळवून येते."

भांग हा शब्द मात्र त्यांना तोंडात नको होता. सोसायटीचे सेक्रेटरी ना ते. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. घरी तर त्यांनी 'वैद्यांचे थेंब' एवढंच सांगितलेलं. एकदा गॅलरीतून मला फोनवर खुशीत म्हणाले, "विजया आल्यापासून रात्र बरी जाते. तिच्याशिवाय आता झोपच लागत नाही." आत मिक्सर थांबला.

"कोण ही विजया?" काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. बाई कबूल करावी की भांग, या पेचात काका असतानाच काकूंनी फोन हिसकावला. मी खरं ते सांगितलं.

"भांगच ना? मग घेऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला उगाच टेन्शन."

लग्नापर्यंत झोप सुधारली. स्पर्शाची आग मात्र पुरती गेली नाही. पाठवणीच्या वेळी काका नवा शर्ट घालून, हात अंगापासून दूर धरून उभे होते. श्रुतीने लांबूनच वाकून नमस्कार केला आणि ती मागे सरली. तिला तशी सवयच झाली होती. काकांनीच तिला ओढून छातीशी घेतलं, तेही डाव्या बाजूला, आणि बराच वेळ सोडलं नाही. मला रडू आवरेना.

गाडी गेल्यावर मी त्यांना पाणी नेऊन दिलं. कपाळ घामाने भिजलं होतं. "दुखलं का काका?"

"दुखलं," ते म्हणाले. "पण धरवलं."