नाळेचा एक वेढा

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात भवानी पेठेत माझ्याकडे आली, तेव्हा तिचा आठवा सरत आला होता. घर तसं मुलाचं. नवरा गेल्यापासून मी मुलाजवळ राहते, टॉवेलच्या कडा शिवते, त्याची लहान मुलगी सांभाळते. मुलगा मालाचा टेम्पो चालवतो. लेक त्याच्याहून मोठी. मी कारखान्यात जायची तेव्हा तिनंच त्याला कडेवर वागवला. तो तिला अक्का म्हणतो. म्हणायचा, असं लिहायला हवं, पण लिहवत नाही.

सोनोग्राफीला मीच तिच्याबरोबर गेले. अंधाऱ्या खोलीत तिला एकटीला भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाही आत घेतलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. पडद्यावर राखाडी धुरासारखं काहीतरी हलत होतं. मला त्यात बाळ दिसेना, पण बाईंनी विचारल्यावर दिसतंय म्हणून मी मान हलवली. मग त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि त्या धुरात लाल आणि निळा रंग वाहायला लागला. बाळाच्या मानेपाशी तो रंग वळून गेला होता.

"गळ्याभोवती नाळेचा एक वेढा दिसतोय," बाई म्हणाल्या.

लेक एकदम उठायला लागली.

"अगं, झोप. पुष्कळ बाळांना असतो. बाळ आत फिरतं ना, मग वेढा बसतो तसा सुटतोही. ठोके चांगले आहेत, पाणी चांगलं आहे. हालचाल कमी वाटली तर मात्र उशीर न करता दवाखान्यात जायचं."

संगणकावर टाइप करणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅडम, लिहू का हे?"

बाई म्हणाल्या, "लिहिलं की घरचे घाबरतात, सिझर करा म्हणून मागं लागतात. पण दिसलंय तर लिहायला पाहिजे. लिही."

बाहेर भिंतीवर पाटी होती, इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. पुढं मला कितीदा वाटलं, तेवढं झाकून ठेवायचा कायदा आहे, तसा याचाही असता तर.

घरी आल्यावर सुनेनं कागद हातात घेतला. ती बारावी शिकलेली आहे, घरातले इंग्रजी कागद तीच वाचते. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "वन्सं, नाळ गळ्यात हाय म्हणत्यात की ह्यात."

"व्हय. पण काळजी नाय म्हणल्या डॉक्टर."

"तुमच्या बाळाची नसंल," सून म्हणाली आणि आत गेली.

तिचं माहेर अक्कलकोटकडचं. आत जाऊन तिनं आईला फोन लावला. त्या दोघी कानडी बोलतात, मला समजत नाही. पण माव, माव असं पुन्हा पुन्हा ऐकू आलं. माव म्हणजे मामा. तेवढ्यावर मला सगळं कळलं. नाळेची माळ घालून आलेलं मूल मामाला वाईट, हे आमच्या गल्लीतल्या तेलुगू बायकाही म्हणतात आणि आम्हीही लहानपणापासून ऐकलेलं. पूर्वी ते बाळ जन्मल्यावर कळायचं. आता बाळ यायच्या आधीच कागदावर छापून आलं होतं.

मुलगा रात्री जेवायला बसला तेव्हा हसला. "अक्का, तुझं पोरगं माझ्यावर फास घिऊन येतंय म्हन की!"

"येऊ दे. तुला बांधूनच ठेवलं पायजे," लेक म्हणाली. दोघंही हसली. सून हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या मावशीला असंच पोर झालं. वर्षाच्या आत माझा मामा गेला. मी आठ वर्षांची होते, बघितलंय मी." ती खोटं बोलत नव्हती. तिची मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मला तिचा राग धरता आला नाही, अजूनही धरता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलाचा टेम्पो वळणावर कलंडला. त्याचा खांदा खरचटला, बाकी काही नाही. पण सुनेनं जेवण सोडलं. दोन दिवस असेच गेले. मग मुलगा माझ्यापाशी येऊन बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मी मानत न्हाय गं आई. पण रोजची रडारड बघवंना. अक्का तिकडं मोडनिंबला गेलेली बरी."

पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला दिवस भरत आल्यावर सासरी परत पाठवायची. मी नाही म्हणायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण घर त्याचं, आणि मलाही तो कलंडलेला टेम्पो डोळ्यांपुढून जात नव्हता. मी मानते की नाही ते माझं मलाच सांगता येत नाही. मुलगाही माझाच आहे.

लेकीनं पिशवी भरली. जावई न्यायला आले तेव्हा भाऊ टेम्पो धूत होता. त्यानं मान वर केली नाही.

बाळंतपणाला मी गेले. मुलगा झाला, सिझर न होता, सुखरूप. मी सिस्टरबाईंना बाजूला घेऊन, कसाबसा धीर करून विचारलं, "नाळ गळ्यात होती का हो?"

"नाही मावशी. मोकळी होती. का?"

मला तिथंच रडू आलं. मी लगेच मुलाला फोन केला. तो म्हणाला, "खरंच?" मागून सुनेचा आवाज आला, "तुमच्या आईला बरं वाटावं म्हणून सिस्टर बोलली असंल. रिपोर्टात तर छापलंय की. मोकळी होती असं लिहून आणा म्हणावं."

दवाखान्यातून मिळालेल्या कार्डात बाळाचं वजन होतं, वेळ होती, नाळेचं काही नव्हतं. जे नव्हतं ते कोण लिहितं? शेवटी मी सोलापूरला येऊन त्या सोनोग्राफीच्या बाईंकडं गेले. पोटुश्या बायकांच्या रांगेत मी एकटी म्हातारी. नंबर आला. बाईंनी दोनदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, वेढा सुटला असं लिहून द्या.

त्या हसल्या नाहीत. "मावशी, मला विश्वास आहे, सुटला असणार. पण बाळ आता बाहेर आलं. मी काय बघून लिहू?"

मी बरं म्हणाले आणि उठले.

बारशाच्या आधी विहीणबाईंनी अक्कलकोटहून तोड सांगून पाठवली. मामानं बाळाचं तोंड आधी सरळ बघायचं नाही. ताटलीत तेल घ्यायचं, मामानं पाठ करून बसायचं, मागून बाळ धरायचं आणि तेलात पडलेली सावली बघायची. मग दोष जातो. मला वाटलं, चला, एवढ्यानं मिटलं. मुलगा आणि सून मोडनिंबला आली. बाळाला झबलं, टोपडं, लेकीला साडी, सगळं आणलं होतं. मुलगा दाराकडं तोंड करून बसला. मी तेलाची ताटली त्याच्यापुढं धरली आणि लेकीला म्हणाले, "आण गं बाळाला."

लेक खोलीतून बाहेर आली, पण बाळ आत ठेवून.

"तेल कशाला?"

"रीत हाय, अक्का," मुलगा मागं न बघता म्हणाला.

"तेलात तोंड बघायचं असलं तर स्टँडवर जा. तितं भजी तळत्यात, हवं तेवढं बघ."

बायकांमधून कुणी तरी फिसकन हसलं. मुलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं.

"अक्का, जरा माझ्या घराचा बी विचार कर की."

"मी तुला कडेवर घिऊन गल्लीभर फिरले, ते कुठल्या तेलात बघून? त्याच्या गळ्यात काय न्हवतं, मी सांगते तुला. आई सांगते. तुला कागद खरा वाटतो. सरळ बघ, न्हाय तर जा."

तो सरळ वळला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते. त्याची मान हलली होती. पण सुनेनं त्याचा दंड धरला. तो उठला आणि तसाच, दाराकडं तोंड ठेवून, बाहेर गेला. झबलं, टोपडं उंबऱ्याशी राहिलं. माझ्या हातातलं तेल लुगड्यावर सांडलं.

त्याला आता अडीच वर्षं झाली. मुलाला ताप आला, गिऱ्हाईक तुटलं, पोलिसानं पावती फाडली, तर सून काही बोलत नाही, फक्त माझ्याकडं बघते. बिचारं ते पोर मोडनिंबला अंगणात खेळत असतं आणि इथलं सगळं त्याच्यावर जमा होतं. त्याचं जावळही अजून काढलेलं नाही. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं. सासरचे म्हणतात, कुणाच्याही मांडीवर काढा. लेक म्हणते, राहू द्या. केस खांद्याखाली आलेत, लोक त्याला मुलगी समजतात.

दुपारी मुलगा कामावर असतो तेव्हा मी लेकीला फोन लावते, चित्र दिसतं तसा. नातू पडद्याला नाक लावून आजी म्हणतो. परवा मुलगा अवेळी घरी आला. पायरीवर त्याची चप्पल वाजली आणि मी फोन पालथा करून मांडीवर दाबला. नातू आतून ओरडत होता, आजी, अंधार झाला. मुलगा दाराबाहेरच थांबला.

"बोलाय लागला व्हय?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "लई बोलतो."

तो आत आला नाही. खाली जाऊन टेम्पोत बसला, टेम्पो सुरू केला नाही. मी फोन सुलटा केला तेव्हा लेक पडद्यावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आलाय का तो?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं फोन ठेवला.

दोघंही माझ्याशी बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. माझं आता वय झालं. मी गेल्यावर लेक माझ्या मातीला येईल, पोराला घरी ठेवून येईल, आणि त्यानंतर या घरातून तिला फोन लावणारं कुणी उरणार नाही.