पाण्याचं बटण

मोबाइलचं अ‍ॅप बनवायला काय लागतं? व्हिडिओतला तो गोड हसणारा मुलगा म्हणाला, “फक्त एक लॅपटॉप आणि जिद्द.” मेल्या, तुझा लॅपटॉप कुठला आणि माझा कुठला! माझ्याकडे नवऱ्याच्या ऑफिसने मोडीत काढलेलं धूड होतं. त्यावर तो सांगतो ते सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं, तर पंखा असा घुरघुरायला लागला की शेजारीण विचारून गेली, मिक्सर बिघडलाय का. संध्याकाळपर्यंत पडदा जागच्या जागी गोठला. जिद्द होती, मेमरी नव्हती.

हौस म्हणून नव्हते हो बसले मी. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपर-अंधेरी रिक्षा चालवलेला माणूस, ट्रॅफिकमध्ये ओरडला की दोन गल्ल्यांत ऐकू जायचा. आता नुसतं “आँ, आँ.” ते पंख्याकडे बोट दाखवायचे, आम्ही खिडकी उघडायचो. ते पाणी मागायचे, आम्ही उशी सारखी करायचो. मग ते कपाळावर हात मारून भिंतीकडे तोंड करायचे. ते तोंड फिरवणं माझ्याच्याने बघवत नव्हतं. वाचा परत यावी म्हणून लावलेल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, “शब्द आत शाबूत आहेत, बाहेर येत नाहीत. चित्रं दाबली की बोलणारं एखादं अ‍ॅप द्या.” तयार अ‍ॅप बघितली. ‘भूक’ म्हटलं की सँडविचचं चित्र, आणि वर कोणीतरी मडम इंग्रजीत बोलणार. पेजेवर वाढलेल्या माणसाला सँडविच! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, मीच बनवते.

घरात जाहीर केलं तर नवरा म्हणतो, “आधी नाव ठरव. लोगो पण झकास पाहिजे.” अरे, जन्माला आलं नाही आणि याला बारशाची घाई! वर म्हणे त्यात पंचांग टाक, क्रिकेटचा स्कोअर टाक. मी म्हटलं, “चार बटणं. पाणी, भूक, संडास, दुखतंय. पाचवं सुचवलंस तर जेवायला बाहेर जा.”

मग कळलं की आपल्यासारख्यांसाठी इंटरनेटवरच रंगीत ठोकळे जोडून अ‍ॅप बनवायची सोय असते. जड सॉफ्टवेअर नको, काही नको. हे त्या हसऱ्याने पहिल्याच मिनिटाला सांगायला काय झालं होतं? ठोकळे जोडले, तर अ‍ॅप फोनमध्ये जाईना. फोनच्या सेटिंगमध्ये एका ओळीवर बोटाने टकटक करत राहिलं की तो म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. वा! झाले की मी! तरी अ‍ॅप जाईना. सबंध दिवस स्वतःला शिव्या घातल्यावर समजलं, फोन लॅपटॉपला जोडायला स्टेशनबाहेरून आणलेली केबल फक्त चार्जिंग करते, बाकी काही पलीकडे नेत नाही. वाट लागली नुसती. दुसरी केबल आणली आणि अ‍ॅप निमूटपणे फोनमध्ये गेलं.

आवाज माझाच भरला. नवरा म्हणाला, “नीट बोल हं, शुद्ध.” म्हणून अगदी शाळेत भाषण द्यावं तसं बोलले, “मला पाणी हवं आहे.”

रविवारी सकाळी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या हाताने पाण्याचं चित्र दाबलं. माझा आवाज आला, “मला पाणी हवं आहे.” बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि उशाचा स्वतःचा पेला माझ्यापुढे सरकवला.

“अहो, मला नको! तुम्हाला हवंय!”

त्यांनी भुकेचं दाबलं. “मला भूक लागली आहे.” लगेच त्यांची पेजेची वाटी माझ्याकडे. नवरा हसायला लागला. मला हसू येईना, रडूही येईना. लेकीचा आवाज भूक लागली म्हणतोय, तर बाप दुसरं काय करणार? एवढी साधी गोष्ट कुठल्या व्हिडिओत नव्हती.

पुरुषी आवाज पाहिजे म्हणून नवऱ्याकडून भरून घेतला. बाबांनी फोन चक्क बाजूला ढकलला. मग मी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरले. मी ऑफिसात असले की बाबा आवाजी निरोप पाठवायचे, आणि मी ते कधी पुसले नव्हते. पण त्यात धड मागणं कुठे? सगळी मालवणी बोंबाबोंब. “खय आसस? फोन कित्याक उचलनस नाय?” एकेक ऐकत शोधत राहिले. ‘पाणी’ शेवटी एकाच ठिकाणी सापडलं, नळाला पाणी आलं तेव्हाच्या निरोपात. तेवढाच शब्द कापून बघितला, तर उचकी लागल्यासारखा वाजला. वैतागून अख्खं वाक्यच बटणाला लावलं.

बाबांनी दाबलं. खोलीत त्यांचा जुना, खणखणीत आवाज आला, “गो, पाणी इला! पिंपाचा झाकण खय ठेवलंस?”

ते दचकले. परत दाबलं. मी पाणी दिलं, त्यांनी पेला ढकलला आणि परत दाबलं. “गो, पाणी इला!” मी पुन्हा पेला पुढे केला, ते पुन्हा मान हलवतात.

“बाबा, आत्ता तर दिलं ना! किती छळाल?”

त्यांनी आणखी एकदा दाबलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. नजर माझ्यावरून हलत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना तहान लागलीच नव्हती.

“ओट्याखाली आहे, बाबा,” मी म्हटलं. “झाकण ओट्याखाली ठेवलंय.”

बाबांनी मान डोलावली आणि फोन खाली ठेवला.