भाकरीची गाठोडी मोजणारा माणूस

कतारगामच्या आमच्या कचेरीत मी नकाशे पसरून बसलो होतो, तेव्हा पंडित दारात येऊन उभा राहिला. पंडित म्हणजे धुडकूआप्पांचा मुलगा. गोडादऱ्याहून सायकल मारत आला होता, तरी त्याला धाप लागलेली नव्हती; म्हणजे घाई नसलेली बातमी, एवढं मला त्याच्याकडे बघूनच कळलं. "साहेब, आप्पा गयात," तो म्हणाला. दुपारी जेवले, हात धुतले, बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी एक समाधान वाटून गेलं आणि त्याची मला लाजही वाटली... तीस वर्षं जुन्या गिरण्या, भट्ट्या आणि धुरांडी पाडण्यात घालवलेला हा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाजेवर, पोटभर जेवून गेला. त्यांच्या धंद्यात असं मरण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आता याला पाच-सहा आठवडे झाले, म्हणून लिहायला बसलो आहे.

आप्पांची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा गुजरात वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नाशिकहून नुकताच सुरतेत आलो होतो, अंगावर इंजिनियरिंगच्या डिप्लोम्याचा ताजा रुबाब होता. कतारगाम दरवाज्याबाहेरची एक बंद पडलेली कापडगिरणी एका शेठने घेतली होती, तिथे त्याला नव्या मागांच्या शेड उभारायच्या होत्या, आणि जुनं सगळं पाडून जागा मोकळी करून द्यायचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. पाडणारी टोळी खानदेशची, वीस-बावीस माणसांची, आणि तिचे मुकादम धुडकूआप्पा. काळा सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मळकं उपरणं. मला वाटलं होतं, पाडायला काय अक्कल लागते? पाया पोखरा, दोर बांधा, ओढा. पहिले आठ दिवस आप्पांनी एक वीटसुद्धा हलवली नाही. ते गिरणीतल्या जुन्या कामगारांच्या घरोघरी जाऊन बसत, चहा पीत आणि एकच गोष्ट विचारत : जमिनीखाली काय काय आहे? कुठे रंगाचा हौद होता, कुठे बुजवलेली विहीर, कुठे भट्टीपासून धुरांड्यापर्यंत जाणारा धुराचा बोगदा. माझ्याकडे गिरणीचा छापील नकाशा होता, तो मी त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी तो आदराने हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला. त्या नकाशात नसलेले दोन हौद त्यांनी म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून शोधून काढले, तेव्हा माझा रुबाब थोडा उतरला.

मी रोज घाई करायचो, कारण शेठ रोज माझ्या मागे लागायचे. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "घाई कसाले, साहेब? भिंतले काय गाडी पकडनी शे?" बांधणाऱ्याने जी वीट शेवटी ठेवली ती आपण पहिली काढायची, असा त्यांचा हिशेब. आधी छपराचे पत्रे, मग वासे, मग तुळया, मग भिंती वरून थराथराने खाली. धुरांडंसुद्धा त्यांनी असंच उतरवलं. दोन माणसं वर, सुटलेली वीट बाहेर न फेकता धुरांड्याच्या पोटातच सोडायची, आणि वरची माणसं खाली उतरून आल्याशिवाय बुडाशी साचलेला ढीग उपसायला कुणी जायचं नाही. शेजारी कामगारांची चाळ होती. दोन महिन्यांत तिच्या कौलांवर एक खडासुद्धा पडला नाही. धूळ बसावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, त्यामुळे चाळीतल्या बायकांचे वाळत घातलेले कपडेही शाबूत राहिले आणि त्या आप्पांवर खूश होत्या. माझ्यावर कुणी खूश असल्याचं आठवत नाही.

त्यांची एक रीत मात्र मला अजिबात आवडत नसे. फाटकाशी त्यांनी एक लांब फळी ठोकली होती आणि तिला ओळीने खुंट्या. सकाळी येताना प्रत्येकाने आपलं भाकरीचं गाठोडं आपल्या खुंटीला टांगायचं, दुपारी तिथूनच काढायचं. एखादी भिंत इतकी मोडकळीला आलेली असे की वर चढून उतरवणं शक्य नसे, ती दोराने ओढून पाडावी लागे, आणि ते काम आप्पा नेमकं जेवणाच्या सुट्टीत करत. सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या म्हणजे सगळी माणसं बाहेर आली. मग ते हात वर करत आणि दोर ओढला जाई. माणसांची डोकी ते मोजत नसत. माणसं हलतात, मोजणाऱ्याला फसवतात, असं त्यांचं म्हणणं. "जो मानूस जेवाले उना नई, तो मझार शे," म्हणजे आतच आहे. मला पटत होतं, पण त्यांनी शेवटची खुंटी माझ्यासाठी ठेवली होती. "साहेब, तुमना डबा बी आठे टांगा." वीस कळकट गाठोड्यांच्या रांगेत, कांद्याच्या आणि लसणाच्या चटणीच्या वासात, माझा डबा! मी टांगायचो, पण नाक मुरडत. आज त्या मुरडलेल्या नाकाची मला मनापासून शरम वाटते.

दिवाळसणाला सासऱ्यांनी मला स्टीलचा नवा चार पुड्यांचा डबा दिला. स्टीलची तेव्हा नवलाई होती. तो पहिल्यांदा घेऊन आलो त्या सकाळी फाटकापाशी थांबलो, खुंटीकडे पाहिलं आणि सरळ कचेरीच्या खोलीत जाऊन डबा टेबलाच्या खणात ठेवून दिला. एवढंच केलं. मग भट्टीखालच्या बोगद्यात किती चांगल्या विटा निघतील ते बघायला कंदील घेऊन आत उतरलो. तिथे वेळेचं भान राहिलं नाही. वर भट्टीघराची एकच भिंत उरली होती, झुकलेली, ती त्या दुपारी पडायची होती हे मला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो. आप्पांनी माझी खुंटी सकाळपासून रिकामी पाहिली आणि साहेब आज शेठच्या पेढीवर गेले असतील असं धरून चालले. दुपारी बाकीची गाठोडी निघाली. हात वर झाला.

वर धाडकन भिंत कोसळली, कंदील विझला, आणि मी आलो होतो ते तोंड बंद झालं. बोगद्याचं छत टिकलं, हे माझं नशीब. नाकातोंडात राख गेली. मी इतका घाबरलो होतो की ओरडायचंही सुचलं नाही. दुसरं तोंड धुरांड्याच्या बुडाशी निघतं एवढं आप्पांच्या बोलण्यातून कानावर पडलेलं होतं, त्या भरवशावर गुडघ्यांवर रांगत गेलो आणि ढीग उपसायला ठेवलेल्या भोकातून उजेडात आलो. समोर जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. एकाने मला सकाळी भट्टीकडे जाताना पाहिलं होतं, ते त्याने सांगितलं असणार. सगळीच्या सगळी माणसं अर्ध्या भाकरी मातीत टाकून त्या ढिगाऱ्यावर पालथी पडली होती आणि हातांनी विटा उपसत होती. पहार लावत नव्हती, खाली मला लागेल म्हणून. सगळ्यांत पुढे आप्पा, बोटांतून रक्त गळतंय. मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "आप्पा..."

त्यांनी वळून पाहिलं आणि ते तिथेच विटांवर बसले. उपरण्याने बोटांचं रक्त पुसलं. मग हळूच विचारलं, "डबा कोठे शे?" मी म्हणालो, टेबलाच्या खणात. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मना धाकला भाऊ व्हता. मुंबईना एक गिरणीमा आम्ही भिंत ओढी. मंग जेवाले बसनूत, तं त्यानं गाठोडं टांगेलच ऱ्हायनं." भिंत ओढून झाल्यावर सगळे जेवायला बसले, आणि एक गाठोडं काढायला कुणी आलंच नाही. त्या दिवसापासून आप्पा आधी गाठोडी बघत आणि मग भिंत. हे त्यांनी मला तोवर कधी सांगितलं नव्हतं, टोळीतल्या निम्म्यांनाही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "मनं चुकनं, साहेब. रिकामी खुंटी देखी तं तुमना तपास कराले पाहिजे व्हता."

संध्याकाळी शेठ आले. काहीतरी झालंय एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. "आमां भूल कोनी?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मनी," म्हणजे माझी. चूक कुणाची ठरते यावर त्या टोळीचं पुढचं काम अवलंबून होतं, हे आप्पांना माहीत होतं आणि मलाही. मी क्षणभर गप्प राहिलो. फक्त क्षणभर, पण तो क्षण मी विसरलेलो नाही. मग मी सगळं सांगितलं, खणातल्या डब्यासकट. शेठनी माझ्या राखेने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो हवेथी डब्बो खींटीए लटकावजो, भाई." यापुढे डबा खुंटीलाच टांगा, एवढंच. टोळी हसली, आप्पाही हसले, आणि काम पुढे चालू राहिलं.

त्यानंतर शेठनी आणि इतरांनी सुरतेत जिथे जिथे मला पाडकाम दिलं तिथे मी आप्पांनाच बोलावलं. दहा-बारा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. माझा डबा शेवटच्या खुंटीवर असे, आणि तो काढायला गेलो की आप्पा विचारत, "काय धाडं आज वैनीनी?" कधी कधी तर मला विचारायच्या आधीच उघडून बघत. बायकोला हे कळल्यावर ती त्यांच्यासाठी वेगळी वाटी भरू लागली, आणि मला कळत होतं की भाजी त्या दिवसांत जरा जास्तच चांगली होत असे. पुढे गुडघे गेले तेव्हा ते वर चढायचे थांबले, फाटकाशी सावलीत बसून राहत. त्यांनी कधी मोठं काही बोललेलं मला आठवत नाही. एकदा मी विचारलं होतं, सगळं आयुष्य पाडण्यात गेलं, काही बांधावंसं वाटलं नाही का? ते म्हणाले, घर बांधलं की गोडादऱ्याला, या एकदा. मी जाईन जाईन म्हणत राहिलो.

गेलो तो तेराव्याला. घर पाहून मला भर मंडळीत हसू आलं. त्यातलं एक दार दुसऱ्या दाराशी जुळत नव्हतं. पुढचं दार एखाद्या गोदामाचं असावं, अगडबंब. माजघराची खिडकी रंगखात्याची, तिच्या चौकटीला निळा डाग अजून होता. अंगणात गिरणीच्या घोटीव फरश्या. मोडलेल्या जागांतून निघालेला एकेक चांगला तुकडा मागून घेऊन त्यांनी घर केलं होतं, आणि ते छान होतं, गार आणि भक्कम. पंडितने पंगत त्याच अंगणात मांडली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. आप्पांची जुनी टोळी खानदेशातून, उधन्याहून, कुठून कुठून आली होती. दोघं म्हातारपणाने आधीच गेले होते, बाकी सगळे होते. समोरासमोर दोन ओळींत बसलो. वाढणारा वरणाची बादली घेऊन पुढे सरकत होता आणि मी सहज त्यांच्याकडे बघत राहिलो. तीस वर्षं या माणसांनी भिंती पाडल्या होत्या. आता पिकलेल्या केसांची ती माणसं दोन्ही पायांची मांडी घालून बसली होती, बट्टी चुरत होती, हातांची दहाही बोटं जागच्या जागी. कुणाचा डोळा गेलेला नव्हता, कुणी लंगडत आलं नव्हतं, आणि त्या ओळीच्या शेवटच्या पत्रावळीवर मी बसलो होतो.