पेटीवरचा भंडारा

कडूबाईला नको तिथं डोकावायची सवय होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं तिची मोठी जाऊ आसराबाई चारचौघींत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन हजार दोन साली नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कडूबाई भांडी धुवायला लागली, आणि महिन्याभरात तिथल्या तायडे मॅडमना तिनं प्रश्नांनी भंडावून सोडलं.

निळ्या रंगाच्या थाळ्या घासून तिची नखं निळी झाली होती. "मॅडम, ह्यो रंग कापडाला लावत न्हाई, भिंतीला लावत न्हाई. मंग लावता तरी कशाला?"

"बीच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही. रंग त्याला चिकटतो, म्हणून दिसतं."

एवढ्यावर गप्प बसली तर ती कडूबाई कसली! मग अंधाऱ्या खोलीतल्या दुसऱ्या रंगाची चौकशी झाली. तो बीच्या डीएनएला चिकटतो, मॅडम म्हणाल्या. चिनी गवताच्या वडीसारखी एक वडी असते, तिच्यात बियांचा डीएनए सरकवायचा, वडी काचेच्या पेटीवर ठेवून खालून जांभळा उजेड सोडायचा, की नारंगी रेघा चमकतात. एक आईची, एक बापाची. "पण तिकडं पाऊल टाकायचं नाही. डीएनए कपाशीचा की माणसाचा, हे तो रंग बघत नाही."

झालं! त्या बंद दारानं कडूबाईची झोप उडवली.

त्यात त्याच वर्षी आसराबाईनं भोकरदनजवळच्या त्यांच्या गावात कंपनीचा कपाशीचा बीजप्लॉट पहिल्यांदाच घेतला होता. गल्लीतल्या बायांनी संध्याकाळी मादी झाडांच्या कळ्यांतले केसर खुडायचे, सकाळी नर झाडाचं फूल आणून त्यावर फिरवायचं. बी शुद्ध निघालं तर पुढच्या सालीही काम. भेसळ निघाली, तर कंपनी त्या गावाकडं फिरकणार नव्हती. आसराबाईनं सगळ्यांपुढं शब्द दिला होता.

तिच्या बियांचा नमुना प्रयोगशाळेत आला तो चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी. कडूबाईच्या पदराच्या गाठीला देवाचा भंडारा होता, हळदीची पिवळीधमक पूड. धनगराच्या घरी कुठलंही नवं काम भंडारा लावल्याशिवाय सुरू होत नाही. ती फरशी पुसत होती, मॅडम फोनवर होत्या आणि अंधाऱ्या खोलीचं दार उघडं होतं. कडूबाई आत शिरली आणि पेटीच्या काचेवर तिनं बोटभर भंडारा ओढला. "बिरोबा, आमच्या बायांची लाज राख." मग तिलाच धडकी भरली. पदरानं काच पुसून ती बाहेर पळाली. काच स्वच्छ दिसत होती.

दुपारी मॅडम वडीचा काळापांढरा फोटो घेऊन बाहेर आल्या. "भोकरदनचा लॉट गेला. आईबापाच्या रेघांशिवाय तिसरीच रेघ आहे. परका पराग आलाय."

कडूबाईला आधी बायांचाच राग आला. कुणीतरी कामात चुकारपणा केला असणार! पण स्वभावाप्रमाणे तिनं फोटोत मान घातली. ती तिसरी रेघ जराशी तिरकी होती, एका टोकाला जाड आणि पुढं बारीक होत गेलेली. अगदी बोटानं ओढल्यासारखी. बोललं तर नोकरी जाणार. न बोललं तर आसराबाई गल्लीत मान वर करून चालू शकणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "ती रेघ माझी हाय. बिरोबाचा भंडारा लावल्ता म्या पेटीला."

मॅडम इतक्या भडकल्या, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. मग त्यांनी तिच्याकडं हातमोजे आणि चष्मा फेकला. "चला. बघू या."

जांभळा उजेड लागला. मॅडमनी वडी बाजूला सरकवली. नारंगी रेघा वडीबरोबर गेल्या. पिवळी मात्र काचेवर तशीच चमकत राहिली. "हळद चमकते या उजेडात," मॅडम पुटपुटल्या, आणि राग विसरून त्याही वाकून बघत बसल्या. मग त्यांनी स्पिरिटनं काच लख्ख पुसली आणि वडी जागेवर ठेवली.

प्रत्येक बीच्या दोनच रेघा उरल्या. एक आईची, एक बापाची. गल्लीतल्या बायांनी कळी कळी धरून केलेलं काम तिथं नारंगी होऊन चमकत होतं. कडूबाईला रडू आवरेना, आणि चष्मा काढायची परवानगी नव्हती.

लॉट पास झाला. कडूबाईची नोकरी गेली. मॅडमनी रदबदली केली, पण बंदी मोडली होती ती मोडलीच होती.

पुढच्या श्रावणात ती आसराबाईच्या प्लॉटवर सकाळी कामाला उभी होती. नखांचा निळा रंग केव्हाच गेला होता. नर झाडाचं फूल तिनं मादीच्या कळीवर फिरवलं आणि आत टक लावून बघत राहिली.

"काय बघून राह्यली?" आसराबाई ओरडली. "जल्दी हात चालव!"

"बापाची रेघ ओढून राह्यले, बाई," कडूबाई म्हणाली, आणि तिनं पुढची कळी धरली.