जाळातून पोचलेलं जेवण

आमच्या इमारतीत दरवर्षी पाळीपाळीने कोणाच्या तरी गळ्यात आगीची जबाबदारी पडते. मागच्या वर्षी ती माझ्या गळ्यात पडली. टोकियोजवळ ग्योतोकुला घर घेतलं तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी नेहमीप्रमाणे मान डोलावून सही केली असती. काम तसं फुटकळ. जिन्यात सामान साचू द्यायचं नाही, आग विझवायची नळकांडी तपासायची, आणि जानेवारीत वस्तीच्या देवळात नव्या वर्षाची सजावट जाळतात तेव्हा पाण्याची बादली घेऊन उभं राहायचं. पण दंडावर त्या कामाची पट्टी बांधली की माझ्या अंगात फौजदार संचारतो. बायको म्हणायची, "अहो, निदान जेवताना तरी ती पट्टी काढा."

त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मुलीवर माझी आधीपासूनच नजर होती. ती इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. नवी आली तेव्हा मी तिला पुलावरून नदीत काहीतरी टाकताना पाहिलं होतं. इथले कचऱ्याचे नियम पाठ करण्यात माझी अर्धी हयात गेली आणि ही खुशाल नदीत टाकते! पुढे थंडीत तिच्या गॅलरीत मासे वाळताना दिसले. त्याबद्दल मात्र मी काही बोललो नाही. मी अलिबागकडचा, सुक्या मासळीच्या वासाची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी तिच्या गॅलरीतून धूर वर आला. मी पट्टी शोधत बसलो नाही, तसाच खाली गेलो. तिने दार उघडलं. मागे गॅलरीत एक जुना तवा, त्यात काड्या पेटवलेल्या आणि त्यांवर माशाचा तुकडा करपत होता. मी इंग्रजीत तोंड सोडलं. आग, इमारत, शेजारी, विमा, सगळं एका दमात. तिने ऐकून घेतलं, तव्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "माफ करा. मी वडिलांना जेवू घालत होते. पण हा काही खरा जाळ नव्हे."

तिनेच मला आत बोलावलं.

चहा करता करता तिने सांगितलं. ती डेने जमातीची. कॅनडाच्या पार उत्तरेला, तळ्यांच्या आणि बर्फाच्या मुलखात तिचे लोक राहतात. त्यांच्यात गेलेल्या माणसांना जेवण जाळातून पोचतं. पंगत असली की प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं ताटलीत काढायचं आणि चिमूटभर तंबाखूबरोबर लाकडाच्या मोठ्या जाळाला द्यायचं. पाण्यालाही द्यायचं असतं. नव्या तळ्यावर, नव्या नदीवर गेलं की चिमूटभर चहा टाकून सांगायचं, मी आले आहे, सांभाळून घे. म्हणजे पुलावर ते चाललं होतं तर! आमची आई गाडी पुलावर आली की खिडकीतून नाणं टाकायची. तिच्यावर मी कधी नजर ठेवली नव्हती.

"वडील कधी गेले?" मी विचारलं.

"मागच्या जानेवारीत. मी नुकतीच इथे आले होते. आमच्या गावाला हिवाळ्यात लहान विमान जातं, हवा बिघडली की तेही नाही. मी पोचेपर्यंत त्यांना पुरून झालं असतं, म्हणून गेलेच नाही. पुढच्या रविवारी बहीण वर्षाचं जेवण घालते आहे. तिने वर्षभरात कितीदा तरी त्यांना दिलंय. माझ्या हातचं अजून काहीच पोचलेलं नाही."

मला पितृपक्ष आठवला. इथे आल्यावर पहिल्या वर्षी वडिलांचं पान मी गॅलरीत ठेवलं, तर संध्याकाळी दारावर चिठ्ठी: कावळ्यांना खायला घालू नये. टोकियोत कावळे उदंड, पण ते कचऱ्यावरच्या जाळ्या ओढतात म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत सलतात. आपल्या माणसाला जेवू घालायला गेलं आणि मध्ये नियम आडवा आला की जीव किती कासावीस होतो, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

"लाकडाचा जाळ आहे," मी म्हणालो. "पुढच्या रविवारीच. देवळात. आणि बादली माझ्याच हातात असणार आहे."

त्या रविवारी देवळाच्या अंगणात बांबू आणि गवत रचून पेटवलं होतं. लोक दारावरचे गवताचे दोर आणून टाकत होते, पोरं लांब काठ्यांना तांदळाचे गोळे टोचून भाजत होती. जाळावर राज्य होतं वस्तीच्या मंडळातल्या एका आजोबांचं. हातात ओला बांबू, आणि माझ्याहून मोठे फौजदार. ती ताटली झाकून घेऊन आली. वाळवलेला मासा, त्यांच्याकडची मैद्याची जाड रोटी आणि थर्मासमध्ये वडिलांना आवडायचा तसा साखरेचा पाक झालेला चहा. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून माझ्या बायकोने शिरा आणला होता.

आजोबांनी झाकण उचललं. "हे जाळायचं? चांगलं अन्न?" आणि मग इथला तो शब्द आलाच, "मोत्ताइनाई." अन्न वाया घालवण्यासारखं पाप इथे नाही. मी समजवायला लागलो, पण माझी जपानी ऑफिसात शिकलेली. विनंती करायला गेलो तरी निविदा वाचल्यासारखी वाटते. आजोबा मान हलवत राहिले. मला माझाच संताप आला. कशाला या पोरीला आशा लावली? तिचा चेहरा पार उतरला होता. मग ती स्वतःच पुढे झाली, कमरेत वाकली आणि तोडक्यामोडक्या जपानीत एवढंच म्हणाली, "वडिलांचं जेवण आहे."

आजोबांचा बांबू थांबला. त्यांनी माशाला बोट लावून पाहिलं आणि खेकसले, "मग गार का आणलंस?"

एका पोराची काठी मागून घेऊन त्यांनी मासा टोचला, निखाऱ्यांवर धरला, उलटापालटा करून चांगला गरम केला. "मी रोज सकाळी बायकोच्या फोटोपुढे भात ठेवतो," ते पुटपुटले, "वाफ आहे तोवरच ठेवायचा." मग मासा ताटलीत ठेवून त्यांनी लोकांना मागे सारलं आणि तिला वाट करून दिली.

तिने आधी सिगारेट मोडून तंबाखू टाकली. मग तिच्या भाषेत काहीतरी बोलत मासा, रोटी, शिऱ्याचा घास. शेवटी चहा ओतला, तो चर्र करून गेला. प्रत्येक पदार्थातलं थोडं तिने ताटलीत राखलं होतं.

मी मात्र वर बघत होतो. देवळाच्या कमानीवर एक कावळा बसला होता आणि जागचा हलत नव्हता. माझा जीव खालीवर होत होता.

"कशाची वाट बघताय?" तिने डोळे पुसत विचारलं. आमच्यात कावळा शिवला की पोचलं समजतात, मी सांगितलं. ती हसली. "आमच्याकडेही मोठा कावळा आहे, पण गोष्टींमधला तो पक्का लबाड. बाबा त्याच्या हाती काही लागू द्यायचे नाहीत. जाळाने घेतलं म्हणजे त्यांनी घेतलं. आता आपण लगेच जेवायचं. नाहीतर ते एकटे जेवतील."

एकटे जेवतील म्हणाली आणि तिचा बांध फुटला. वर्षभर शाळेतून येऊन ती एकटीच जेवत होती, आमच्या पायांखालच्या मजल्यावर. बायकोने तिच्या तळहातावर शिरा ठेवला आणि ती खाईपर्यंत हात सोडला नाही. आजोबांनी मासा चघळला आणि मीठ बरोबर पडलंय म्हणाले. वर्षाने बाप-लेक एका पंगतीला बसले होते. मी बादली खाली ठेवली आणि माशाचा आणखी एक तुकडा मागून घेतला.