पॅनेलवरचा भंडारा

निमोण्याच्या मल्हारीआबानं तीस वर्षं रात्री पिकाला पाणी दिलं आणि दिवसा झोप काढली. शेतीची वीज यायचीच मुळी बहुतेक रात्री, त्याला आबा तरी काय करणार? बायको म्हाळसा उजेडात राबायची. एका घरात राहून दोघांची गाठ पडायची ती अंधारात, जाता-येता.

मग गावाशेजारी सौर प्रकल्प उभा राहिला. चाचणीच्या दिवशी इंजिनिअर प्रांजल मॅडमनी सगळ्यांना बजावलं, "अकरा ते तीन सगळे पंप नुसत्या सौर विजेवर चालवायचे. लाइन टिकली तर दिवसाची वीज पक्की. ट्रिप झाली तर पुन्हा रात्रपाळी!"

आबाला आनंद मावेना. त्याच्या घरात भंडारा लावल्याशिवाय नवी कढईसुद्धा चुलीवर चढत नाही, आणि हा तर एवढा मोठा विजेचा कारखाना! अकराच्या ठोक्याला त्यानं जेजुरीहून आणलेलं भंडाऱ्याचं अख्खं पोतं फोडून उधळलं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" वाऱ्यालाही तेव्हाच सुटायचं होतं. पॅनेलच्या रांगाच्या रांगा पिवळ्याधमक झाल्या, आणि वीज भराभरा उतरायला लागली.

"आबा, काय करून ठेवलंत हे!" मॅडम किंचाळल्या. "निम्मे पंप बंद करायला सांगा!"

"पहिल्याच दिवशी? कुणी न्हाई करायचं. मीबी न्हाई केला असता."

"मग पॅनेल धुवा!"

"धुवायला पंप लागंल, मॅडम. आन् पंपाला वीज."

मॅडमनी कपाळाला हात लावला, तर कपाळही पिवळं झालं.

आबानं डोक्याचा पटका सोडला, काठीला गुंडाळला आणि पुसत सुटला. "देवा, तुझाच भंडारा पुसतुया, रागावू नगंस," असं दर पॅनेलला म्हणत होता बिचारा. शिवारातल्या पंपांचा आवाज घोगरा व्हायचा, की आबाचा हात आणखी भराभरा चालायचा. तीन वाजले. लाइन टिकली!

स्वतःचं रान मात्र कोरडंच राहिलं, असं चुटपुटत आबा घरी आला. दारात म्हाळसा उभी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाणी झालं आपलं. मी दिलं. बसा."

तिनं चहा दिला आणि पदरानं त्याचं पिवळं तोंड पुसायला घेतलं. मिशीपाशी हात थांबला. पुन्हा पुसलं.

"अवं, ही पांढरी कवा झाली?"

आबा तिच्या डोक्याकडं बघत राहिला.

"तुझ्या केसासंगंच झाली असंल," तो म्हणाला.